पुस्तकाचं झबलं

"ताई, तुमची पोरगी त्याले उघड्यावर घेऊन फिरून राह्यली. साऱ्या गल्लीनं पाह्यलं. तुमाले कसं दिसत नाही?"

दारातलं बेबीमावशींचं हे बोलणं मी आतल्या खोलीत ऐकलं. आईनं हातातली पळी ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"कोणाला?" आईनं शेवटी विचारलं.

"अवं, पुस्तकाले. धूळ कितीक हाय बाहेर. झबलं नको त्याले?"

बेबीमावशी अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या समोरच्या घरात राहायच्या आणि दिवसभर क्रोशाचं विणत असायच्या. कव्हर, खोळ हे शब्द त्यांच्याकडे नव्हते. कशावरही घातलं की ते झबलं. फोनला झबलं, रिमोटला झबलं, माठाला झबलं. मिक्सरला दोन होती, एक रोजचं आणि एक सणाचं. त्यांच्याकडे टीव्ही बघायचा तर आधी त्याचे कपडे उतरवावे लागत. दाराच्या कडीलाही झबलं होतं, कारण उन्हाळ्यात कडी पोळते. ते एक मात्र मला पटलं होतं.

मावशींचे यजमान जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाचे दिवस फिरले, जिनिंग बंद पडली, काही वर्षांनी यजमानही गेले. बाळापूरकडच्या त्यांच्या भावानं कपाशी सोडून सोयाबीन पेरलं, तेव्हा मावशी कितीतरी दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. "सोयाबीनचं काय विनू म्या?" एवढंच म्हणायच्या.

त्यांच्या हातात एक खोट होती. गल्लीत राहणाऱ्यांच्या वस्तू त्या नीट पुऱ्या करून द्यायच्या. पण गाव सोडून जाणाऱ्याला काही दिलं, तर शेवटची गाठच मारायच्या नाहीत. शेवटचा फास सेफ्टी पिनेत अडकवायचा आणि वस्तू तशीच हातात ठेवायची. पिन काढली की सगळं उसवतं. शेजारच्या सुनेनं नागपूरला जाताना गाडीत पिन काढली, तर बडनेरा येईपर्यंत मोबाइलच्या झबल्याचा नुसता दोरा उरला. "वय झालं बुढीचं," गल्ली म्हणायची.

मला हैदराबादला नोकरी लागली, तशा मावशी माप घ्यायला आल्या. माझं नाही, पुस्तकाचं.

माझी शाळा इंग्रजी, घरातली मराठी पुस्तकी. गल्लीतल्या बायाही 'येतो, करतो' म्हणायच्या, मी 'येते, करते'. गल्लीत तोंड उघडलं की कोणीतरी हसायचं. म्हणून मी पुस्तक पुढे धरून चालायचे आणि शक्यतो बोलायचे नाही. मावशींना ते चालत असे. आमच्या दोघींच्या वाटचं त्याच बोलायच्या.

त्यांनी पुस्तकावर वीत टाकली, वर चार बोटं मोजली. "मराठी हाय का इंग्रजी?"

"इंग्रजी."

"मंग याले आपलं ऊन सोसनार नाही. जाड सूत घेतो."

त्या विणायला लागल्या. मी शेजारी बसून बघत राहिले. पांढऱ्या सुताचे टाके इतके सारखे पडत होते, की ही बाई गाठ विसरत असेल हे मला खरं वाटेना. धीर करून विचारलं, "मावशी, पिन कशासाठी लावता?"

सुई थांबली नाही.

"आमचा प्रकाश सुरतले गेला, तवा त्याले मफलर देल्ला होता. जिनिंग बंद झाली, इथं काय करन तो? गाठ मारली पक्की, दुहेरी. काम पुरं झालं. मंग तो कायले येते?" त्यांनी दोरा ओढून घेतला. "फोन करते ना. म्हनते, आई, मफलर लय मजबूत हाय."

मग त्यांनी पुढची ओळ विणायला घेतली.

निघायच्या दिवशी मावशी झबलं घेऊन आल्या. पुस्तक त्यात नेमकं बसलं. वरच्या कोपऱ्यात पिन लटकत होती.

आईला ती लगेच दिसली. "अहो मावशी, प्रवासात बोटाला टोचेल तिच्या. एक गाठ मारून द्या ना, कितीसा वेळ लागतो?"

बाहेर बाबा रिक्षात सामान ठेवत होते. मावशींनी पुस्तक माझ्याकडून परत घेतलं. कमरेला खोचलेली सुई काढली. पिन उघडली. फास बोटावर घेतला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. आई घड्याळाकडे बघत होती. मावशी हसल्या, "करतो ना जी, करतो," म्हणाल्या, पण हात हलेना.

मी त्यांच्या बोटावरचा फास उचलून परत पिनेत घातला आणि पिन लावली. शब्द आधी मनात जुळवून पाहिले, तरी आवाज जरा मोठाच निघाला.

"राहू द्या मावशी. गाठ मी संक्रांतीले येऊन मारून घेतो."