उघडल्याची तारीख

खैरनार सर साबणाच्या डबीवरसुद्धा उघडल्याची तारीख लिहितात. लोणच्याच्या बरणीवर, टूथपेस्टवर, पेनाच्या रिफिलवर. फरीदाबादच्या आमच्या लॅबमध्ये कुणी नवे बूट घालून आलं की सर गंभीरपणे विचारतात, "आज उघडले का?"

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला. ट्रेनिंगसाठी इतक्या लांब आलो तेव्हा मराठी बोलणारे सर मिळाले, म्हणून धीर आला. औषध किती दिवस टिकतं हे तपासायची पद्धत बसवणं, हे सरांचं काम. त्यासाठी चांगली गोळी आधी मुद्दाम नासवायची. ॲसिडमध्ये टाकायची, तापवायची, उजेडात ठेवायची. मग मशीनच्या आलेखावर औषधाचा डोंगर आणि नासलेल्या भागाचे डोंगर वेगवेगळे दिसले, तरच पद्धत खरी.

सर हा नियम सगळ्यालाच लावतात. "आधी बिघडवून बघ," म्हणतात. नवी छत्री आणली की ती नळाखाली धरतात. होणाऱ्या जावयाला त्यांनी मे महिन्यात पंखा बंद करून दोन तास बसवलं होतं, असं लॅबमधले शर्माजी सांगतात. खरंखोटं मला माहीत नाही. लग्न मात्र झालं.

मला ब्लड प्रेशरच्या गोळीची मेथड, म्हणजे अशीच पद्धत, बसवायला दिली होती. ट्रेनिंगच्या शेवटच्या आठवड्यात मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी एक बारीक उंचवटा दिसला, म्हणजे नासलेला भाग औषधापासून नीट वेगळा झाला नव्हता. तो मान्य केला तर महिन्याचं काम पुन्हा, आणि सर्टिफिकेट लांबणीवर. मी कॉम्प्युटरवर आलेखाची खालची रेघ थोडी वर ओढली. उंचवटा दिसेनासा झाला. कागद सरांपुढे ठेवला.

सरांनी ओढलेली रेघ लगेच ओळखली, पण रागावले नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून गोळ्यांची एक अर्धी स्ट्रिप काढली. तिच्यावर उघडल्याची तारीख नव्हती. सरांची बिनतारखेची वस्तू मी पहिल्यांदाच पाहिली.

"आईची आहे," ते म्हणाले. "गावी चुलीवरच्या फळीवर ठेवायची. रोज घ्यायची, तरी बीपी उतरायचं नाही. मी इथून फोनवर रागवायचो, तू गोळ्या चुकवतेस म्हणून. कुठे ठेवतेस, हे कधी विचारलं नाही."

मेथड झाली की या गोळ्या तपासू, असं मी चाचरत म्हणालो. सरांनी नको म्हणून मान हलवली आणि स्ट्रिप परत ठेवली.

मी रेघ पूर्वीसारखी केली. उंचवटा पुन्हा दिसू लागला.

"सर्टिफिकेटचं मी बघतो," सर म्हणाले. "तुझी आई काही औषध घेते?"

"बीपीचंच."

"कुठे ठेवते?"

मला माहीत नव्हतं.

"फोन लाव."

मी जिन्यात जाऊन आईला विचारलं. परत आलो तेव्हा सर मान खाली घालून माझ्या आईच्या गोळ्यांसाठी लेबलं लिहीत होते. प्रत्येकावर 'उघडल्याची तारीख' आणि पुढे रिकामी जागा. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : चुलीपासून लांब.