नसलेल्या कुत्र्याचे साक्षीदार

नफुलाबाई फाटकाबाहेरच थांबल्या आणि पाटी वाचू लागल्या, तेव्हा कुठे गिचुहीचे तिकडे लक्ष गेले. अंगण झाडून झाले होते, कुंपणाची भोके बुजवली होती, सावलीत पाण्याचे भांडे मांडले होते, आत चहा उकळत होता. सकाळपासून सगळे आठवले, फक्त फाटकावरची पाटी आठवली नाही. तांबड्या ठळक अक्षरांत तिथे लिहिले होते : ‘तापट कुत्रा. आत येऊ नये.’

नफुलाबाई बेवारशी कुत्र्यांच्या निवाऱ्यातून घर तपासायला आल्या होत्या. घर पाहिल्याशिवाय कुत्रा द्यायचा नाही, असा तिथला नियम होता. आणि गिचुहीने तिथे स्वतःच्या तोंडाने सांगितले होते की आमच्याकडे कुत्रा नाही, कधीच नव्हता.

खरे तर केनियातल्या त्यांच्या न्येरी गावात कुत्रा मिळवणे मुळीच अवघड नव्हते. नैरोबीच्या रस्त्यावर गाड्या मंदावल्या की विक्रेते काखेतली पिल्ले घेऊन थेट काचेशी येत. पण गिचुहीची बायको न्यावीरा दवाखान्यात परिचारिका होती. आईचे दूध सुटण्याआधी उचललेले पिल्लू हातात मरते, ते दुःख मी विकत घेणार नाही, असे तिने बजावले. मग मेहुण्याने जातिवंत पिल्लांचा एक व्यापारी सुचवला. त्याने पिल्लांची आई दाखवायला नकार दिला, तेव्हा तीही वाट मिटली. उरला निवारा. तिथे त्यांची नऊ वर्षांची वैरिमू फाटक्या कानाच्या एका तपकिरी कुत्रीपाशी जाऊन बसली, आणि दोघी कितीतरी वेळ एकमेकींतच रमल्या. परतताना वैरिमूने एवढेच विचारले, की ती उद्याही तिथे असेल ना. गिचुहीला त्या प्रश्नात स्वतःचे भिडस्त बालपण ऐकू आले. आज हे घर नापास झाले, तर ती कुत्री दुसऱ्या कुटुंबाकडे जाणार होती.

गिचुही भूमापन कचेरीत नकाशे काढी. डोंगरांच्या उंचीविषयी त्याला कधी शंका नसे. माणसांसमोर मात्र त्याचा आवाज घशातच मावळे. गल्लीत चोऱ्या वाढल्या तेव्हा त्याने ती पाटी लावली. तशा पाट्या गावभर होत्या, आणि निम्म्यांच्या मागे कुत्रा नव्हता. पण बाकीचे लोक ते हसत कबूल करीत. गिचुहीला ते जमले नाही. कोणी कुत्र्याची चौकशी केली की तो नुसती मान डोलवी. अशा डोलावलेल्या मानांतून हळूहळू कुत्रा मोठा झाला. एकदा नावच विचारले गेले, तेव्हा गडबडून त्याने ‘ब्रिगेडियर’ असे सांगितले.

“बाई, मागे व्हा,” शेजारचे न्दिरांगूकाका कुंपणावरून ओरडले. “तो जनावर नाही, सैतान आहे. माझी अंड्यावरची कोंबडी पिसांसकट खाल्लीन.”

त्याच वेळी मुगो खाटीक सायकलवरून उतरला. दर शनिवारची हाडे तो आज स्वतः घेऊन आला होता. ब्रिगेडियरसाठी मुद्दाम नळीची काढून ठेवली होती, असे त्याने नफुलाबाईंना कौतुकाने सांगितले.

नफुलाबाईंचा चेहरा दगडासारखा झाला. “गिचुही, कुत्रा नाही म्हणालात. मग हा ब्रिगेडियर कोण? नवा हवा म्हणून जुना कुठं सोडून आलात?”

गिचुहीने मागे पाहिले. दारात वैरिमू उभी होती. ती रडत नव्हती. रडू आल्यावर करायचा तो चेहरा करून उभी होती.

“ब्रिगेडियर नाही,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की त्याला ते पुन्हा सांगावे लागले. “कधीच नव्हता.”

“मग माझी हाडं?” मुगोने विचारले.

“सूप,” न्यावीरा जमिनीकडे बघत म्हणाली. “फार छान होतं.”

न्दिरांगूकाका मात्र ऐकेनात. त्यांनी त्याला या डोळ्यांनी पाहिले होते, काळाभोर, वासराएवढा. “आणि वैरिमूचे बाबा, कोंबडीच्या बदल्यात तुम्ही मला कोंबडा आणून दिलात. तो काय उगीच?”

“नाही म्हणवेना, काका.”

कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणारे हात थांबले. “म्हणजे कोंबडी कुत्र्यानं नाही खाल्ली,” काकांच्या बायकोने, वांजाकाकूंनी, सावकाश म्हटले. “त्या रात्री तुम्ही जेवला नव्हतात. मित्रांकडून आलात, पोट भरलंय म्हणालात.”

काकांना एकदम गाईला पाणी दाखवायचे राहिल्याची आठवण झाली.

नफुलाबाईंनी अंगणाचा कोपरान्‌कोपरा पाहिला. कुठे केस नाही, नखांचा ओरखडा नाही. त्या पायरीवर बसल्या, आणि त्यांचे खांदे हलू लागले. गिचुहीला आधी वाटले, त्या रडताहेत.

“नसलेल्या कुत्र्यासाठी ज्यानं कोंबडा भरून दिला,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “तो असलेल्याला उपाशी नाही ठेवायचा. घर पास. पण एक सांगते. ती कुत्री भुंकत नाही. माणसं बघून दडून बसते. दोन घरांनी परत केलीय. राखणीला हवी असेल तर आत्ताच बोला.”

“राखणीला नको,” गिचुही म्हणाला, आणि आवाज घशात अडकला नाही याचे त्यालाच नवल वाटले. “घरी हवी.”

रविवारी कुत्री आली. वैरिमूने दोरी सोडली, तशी तिने अंगण हुंगले आणि ती थोडे पाणी प्यायली. तेवढ्यात न्दिरांगूकाका कुंपणाशी येऊन खाकरले. घरी त्यांच्याशी कोणी बोलत नव्हते, म्हणून इथे आले होते. त्यासरशी कुत्री धावत येऊन गिचुहीच्या पायांमागे लपली आणि त्याच्या पोटऱ्यांना चिकटून थरथरू लागली.

आपणही कशामागे तरी सरकावे, म्हणून गिचुहीने सवयीने इकडेतिकडे पाहिले. पण आता त्याच्यापुढे कोणीच नव्हते. मग त्याने हलकेच श्वास सोडला, पाय घट्ट रोवले, आणि काकांना म्हणाला, “काका, जरा हळू. आमची कुत्री घाबरते.”