तीन वाड्यांची संरक्षण संघटना

आमचे शेजारी पास्कू अंकल बांगडे घेतानासुद्धा आधी ठराव मांडतात. मासेवाली पाटी उतरवते, अंकल घसा खाकरतात आणि म्हणतात, "वाटो धा बांगड्यांचो असूचो. कोणाची हरकत?" दारात ती आणि ते, दोघंच. "हरकत नाय. ठराव मंजूर." मगच पिशवी पुढे येते.

ही सवय परदेशातली. शेजारशेजारच्या देशांनी मिळून काढलेल्या एका संरक्षण संघटनेच्या मुख्यालयात अंकलनी उभा जन्म नोकरी केली. काम बैठकीत पाणी आणि कॉफी देण्याचं. देशादेशांचे तंटे त्यांनी अगदी कोपराजवळून ऐकलेत. "एकट्यान कोणाक सुरक्षित होवक येना नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य.

निवृत्त होऊन ते मालवणजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा माकडांनी उच्छाद मांडला होता. आम्ही खालच्या वाडीवाले फटाके लावून माकडं वरच्या वाडीत घालवायचो. तिथले राऊळकाका थाळ्या बडवून ती मधल्या वाडीत अंकलकडे धाडायचे. अंकलची शिट्टी वाजली की ती परत आमच्याकडे. माणसं दमली, माकडांना मात्र व्यायाम झाला.

म्हणून अंकलनी तिन्ही वाड्यांची संघटना काढली. चर्चमधून ते परतले, की दर रविवारी त्यांच्या पडवीत बैठक. मी शाळामास्तर, म्हणून चिटणीस. चहा अंकल स्वतः द्यायचे, प्रत्येकाला डाव्या बाजूने, आणि खुर्चीत बसून पुन्हा अध्यक्ष व्हायचे.

"ही परिषद माकडांच्या वर्तनाबद्दल तीव्र चिंता व्यक्त करता," पहिला ठराव आला.

"माकडांक वाचूक येता काय?" राऊळकाकांनी विचारलं.

"येना नाय. पण तुमका येता. तुमी त्यांका माझ्याकडे धाडूचा नाय."

तेवढ्यात एका माकडाने पडवीतली केळी उचलली. अंकलनी मला लिहायला लावलं, "माकडांचो निरीक्षक हजर होतो."

चार-पाच बैठका भांडण्यात गेल्या. शेवटी एकमत झालं आणि तिन्ही वाड्यांनी एकाच वेळी, डोंगराच्या दिशेने, थाळ्या बडवायला सुरुवात केली. पंधरवड्यात माकडं रानात गेली.

पुढच्या रविवारी बैठकीला कोणीच गेलं नाही. मीही सहज म्हणून उशिरा डोकावलो. अंकल एकटेच खुर्च्या उचलत होते. कपबश्या कोऱ्याच होत्या. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी दूर देशात. हे मला ठाऊक होतं, पण तोवर कधी दिसलं नव्हतं.

"धोको टळलो. बरा झाला," ते हसून म्हणाले. "आता संघटनेक काम नाय."

तेवढ्यात राऊळकाका आले आणि उरलेल्या खुर्चीत बसले.

"काल मी एक माकड बघलंय," ते म्हणाले. "आमच्या फणसार."

राऊळकाकांकडे फणसाचं झाडच नाही, हे तिन्ही वाड्यांना माहीत आहे. अंकलनी हातातली खुर्ची पुन्हा खाली मांडली.

"गंभीर बाब आसा," ते म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. बाहेर यायला त्यांना जरा वेळ लागला.