आठवा बोल्ट

सात बोल्ट निघाले, आठवा निघेना.

नंदाखाल गावच्या ॲन्सेल्मच्या अंगणात त्याच्या बापाची जुनी पिकअप गाडी उभी होती. या गाडीने चाळीस वर्षं केळी आणि मोगरा वाहिला, नंतरची पंधरा वर्षं नुसता खारा वारा खाल्ला. मागचा हौदा चासीला आठ बोल्टांनी बसवलेला, आणि ते बोल्ट चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे झाले होते. चार तर शेजारचा बेसिल शिंकला तेव्हाच गळून पडले. तीन ग्राइंडरने गेले. मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या आठव्याने मात्र तीन पाती मोडली, दोन लिटर रॉकेल प्यायलं आणि बेसिलच्या हातोड्याचा दांडा मागे फेकला.

"हा बोल्ट नाय दादा, हा तुमचा बाप हाय," बेसिल घाम पुसत म्हणाला.

"बापाला कापायचं आणि नवीन बसवायचा. शनिवारी चारला लग्न आहे!"

लग्न ॲन्सेल्मच्या जीनाचं, सांडोर गावच्या केनीशी. आजोबांनी नातीला शब्द दिला होता की, नवरी होऊन तू चर्चला माझ्याच गाडीतून जाशील. आजोबा गेले, शब्द राहिला. जीनाने तर साफ सांगितलं होतं, "ती गाडी नसेल तर मी जाणार नाही. केनीला म्हणावं, इकडेच मांडवात ये आणि फादरलाही घेऊन ये."

शुक्रवारी लेथवाल्याचा फोन आला. नवे बोल्ट सोमवारी.

"सोमवारी? डॅडी, सोमवारी मी सासरी असेन!"

जुने सात बोल्ट निघालेले, नवे आठ आलेले नाहीत आणि हौदा नुसता देवाच्या भरवशावर बसलेला. ॲन्सेल्म डोकं धरून पायरीवर बसला. तेव्हा त्याची बायको रोझलीन माजघरातून सोपटाचा, म्हणजे केळीच्या खोडाच्या वाळल्या सालींचा, भला मोठा भारा घेऊन आली.

"उठा. बोल्ट नाहीत तर बांधा."

"अगं, ही गाडी आहे. मेथीची जुडी नव्हे."

"तीस वर्षं मोगऱ्याच्या पुड्या बांधतेय. दादरच्या बाजारापर्यंत एक तरी सुटली का? तोंड मिटा आणि पाणी आणा."

सोपट भिजवून, पीळ देऊन रोझलीनने सातही भोकांतून अशी गाठ मारली की गाडी दोन इंच बुटकी झाली. बेसिलने हौद्यावर उड्या मारून बघितल्या. उरलेल्या सोपटाचं त्याने एक दावंही वळून ठेवलं.

त्या दाव्याने घात केला. रविवारच्या जेवणासाठी आणलेला बोकड शनिवारी सकाळी बेसिलने सावली बघून गाडीखाली बांधला. तासाभराने बोकड शेजारच्या झेंडूत सापडला. पोट नगाऱ्यासारखं.

"दावं खाऊन पळाला बघा," बेसिल हसला आणि त्याला साखळीने माडाला बांधून आला. एवढ्याशा दाव्याने एवढं पोट कसं फुगलं, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

साडेतीनला वरात निघाली. पुढे बँड, मागे गाडी. केबिनमध्ये कोटातला ॲन्सेल्म, हौद्यात खुर्चीवर जीना आणि तिच्यावर छत्री धरलेला बेसिल. पहिल्या वळणाला गाडी वळली. हौदा जरा विचार करून वळला.

दुसऱ्या वळणाला त्याने विचारही केला नाही. आठव्या बोल्टाभोवती तो घड्याळाच्या काट्यासारखा फिरला आणि आडवा झाला.

"दादा, सावकाश!" बेसिल ओरडला. "तुम्ही चर्चला चाललात, आम्ही अर्नाळ्याला!"

"गप रे! गाडी कशी सरळ चाललीय बघ!"

गाडी सरळच चालली होती. हौद्याचं टोक मात्र लोकांच्या ओट्यांवरून फिरत होतं. एका ओट्यावर व्हेरोनिका मावशी केसांत गजरा माळत बसली होती. ती खुर्चीसकट अलगद हौद्यात आली.

"बरं झालं," मावशी गजरा नीट करत म्हणाली, "रिक्षाच मिळत नव्हती. बाय जीना, ओढणी सावर."

चर्चसमोर ॲन्सेल्मने ब्रेक दाबला. गाडी रस्त्यातच थांबली. हौदा गर्रकन फिरला, आवाराच्या फाटकातून आत शिरला आणि त्याचं मोकळं टोक थेट पायरीवर टेकलं. जीना जमिनीला पाय न लावता लाल गालिच्यावर उतरली. सांडोरकरांनी टाळ्या वाजवल्या.

केनीचे वडील धावत केबिनजवळ आले. "व्याही, हायड्रॉलिक काय हो?"

ॲन्सेल्मने मागे वळून पाहिलं. त्याच्या मागे हौदा नव्हताच. तो उतरला आणि गुडघ्यांवर बसून खाली डोकावला. सात रिकामी भोकं, कडेला चघळलेले सोपटाचे धागे, आणि कोपऱ्यात तो आठवा. लाल, खवल्यांचा, तसूभरही न हललेला.

मुलीच्या बापाला प्रार्थना करताना बघून फादर ऑगस्टीनही शेजारी गुडघे टेकून बसले. त्यांनीही खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

प्रवचनासाठी फादरांनी तीन पानं लिहून आणली होती. ती त्यांनी घडी करून झग्यात टाकली. "केनी, जीना," ते म्हणाले, "नव्या गाठी बोकडही खातो. एकमेकांत असे गंजून बसा की ग्राइंडरनेसुद्धा निघू नये!"

चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' बेसिल म्हणाला. तीन पाती त्याचीच मोडली होती.

सोमवारी आठ नवे बोल्ट आले. सात बसले. बेसिलने चौथं पातं चढवून ग्राइंडर सुरू केला, तर आठव्यासमोर रोझलीन कोयता घेऊन उभी.

"हात तर लाव!"

"मग हा उरलेला नवा काय करू, वैनी?"

रोझलीनने तो घेतला, सोपटात मोगऱ्याच्या पुडीसारखा बांधला आणि बेसिलच्या हातात ठेवला.

"सांडोरला देऊन ये. जीनाला सांग, दाराबाहेर वाऱ्यावर टांगून ठेव. पुरता गंजला की लग्न झालं म्हणावं."