मुलं सहाव्या स्तरात येतात

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वरून परिपत्रक आलं. सर्व मुख्याध्यापकांनी मार्चअखेर ‘नेतृत्व सक्षमता प्रमाणपत्र’ प्राप्त करावे. जे करणार नाहीत ते मुख्याध्यापकपदास सक्षम नाहीत असे समजून त्यांना सहशिक्षक करण्यात येईल, असं त्यात म्हटलं होतं. सायखेड्याजवळच्या आमच्या वस्तीशाळेत ते बुद्धभूषण पगारे सरांनी वाचलं, त्यावर ‘पाहिले’ असा शेरा मारला आणि फाईलला लावलं. सर तिथे एकवीस वर्षं मुख्याध्यापक होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

मी शाळेच्या व्यवस्थापन समितीचा सदस्य. सायखेड्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि या प्रकरणातला प्रत्येक कागद माझ्या मशीनमधून गेलेला आहे. त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही.

पगारे सर रोज सकाळी शाळेच्या फाटकात उभे राहत. एकशे बारा मुलांची नावं त्यांना पाठ होती. एखादं पोर दोन दिवस दिसलं नाही, तर तिसऱ्या दिवशी सरांची स्कूटर त्याच्या दारात असे. सातवीला गणित ते स्वतः शिकवत. प्रमाणपत्राच्या अर्जात यातलं काही लिहायला जागा नव्हती. ‘आपली नेतृत्वशैली कोणती?’ असा प्रश्न होता आणि खाली चार पर्याय. सरांनी मला विचारलं. मी म्हणालो, तिसरा निवडा, तो सगळ्यात लांबलचक आहे. तो बरोबर निघाला.

प्रशिक्षण नाशकात गंगापूर रोडवर होतं, गाद्यांच्या एका शोरूमच्या वरच्या मजल्यावर. ‘मुख्याध्यापक प्रगल्भता केंद्र’ असा तिथे बोर्ड होता. एकूण सहा स्तर, प्रत्येक स्तर दोन आठवड्यांचा, आणि दोन स्तरांच्या मध्ये दोन आठवडे आत्मचिंतन. आत्मचिंतनही केंद्रातच करायचं होतं, कारण शाळेत गेल्यावर ते होत नाही असा केंद्राचा अनुभव होता.

प्रशिक्षक होते सार्थक सर, वय सव्वीस. प्रशिक्षण देण्याची तीन प्रमाणपत्रं त्यांच्याकडे होती आणि शाळेत त्यांनी एकही दिवस शिकवलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या मनात शाळेविषयी कसलाही पूर्वग्रह नव्हता. पहिल्या स्तरात त्यांनी विचारलं, तुम्ही प्राणी किंवा पक्षी असता, तर कोण असता? पगारे सर म्हणाले, बैल. त्यांचे गुण कापले गेले. अपेक्षित उत्तर गरुड होतं. पुढच्या तुकडीपर्यंत ही बातमी पोचली आणि त्या तुकडीत बेचाळीस गरुड निघाले.

दुसऱ्या स्तरात वर्तमानपत्रांचा मनोरा रचायचा होता. तिसऱ्या स्तरात समोर रिकामी खुर्ची ठेवून तिला अवखळ विद्यार्थी समजायचं आणि सात मिनिटांत सुधारायचं होतं. पगारे सरांनी खुर्चीला आधी तिचं नाव विचारलं, मग सकाळी काही खाल्लंय का ते विचारलं. तेवढ्यात वेळ संपली. बाकीच्यांच्या खुर्च्या सुधारल्या, सरांची तशीच राहिली. त्या दिवशी न राहवून सरांनी हात वर केला.

“मुलं कुठे आहेत?”

सार्थक सरांनी वेळापत्रक पाहिलं. “सर, मुलं सहाव्या स्तरात येतात.”

इकडे शाळेचा पदभार राकेश गायखे सरांकडे होता. महिनाभरात दुसरं परिपत्रक आलं, की ज्याच्याकडे मुख्याध्यापकाचा पदभार आहे तो त्या काळापुरता मुख्याध्यापकच असल्याने त्यालाही प्रमाणपत्र बंधनकारक आहे. गायखे सर गंगापूर रोडला गेले. पदभार तेजल मॅडमकडे आला. त्याच परिपत्रकाने पुढच्या सोमवारी त्याही गेल्या. चौथे शिक्षक लहानू सर मतदार याद्यांच्या कामावर होते आणि नेमके कधीपासून होते हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

नियमात असं होतं, की पदभार उपस्थितांपैकी सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीकडे द्यावा. उपस्थित एकच व्यक्ती होती. सुलाबाई. त्या अकरा वर्षं शाळेतली खिचडी शिजवत होत्या आणि सातवी शिकलेल्या होत्या. पगारे सरांनी त्यांना फोनवर सांगितलं, की पदभाराच्या वहीत सही करा, मी लवकरच येतो. सुलाबाईंनी हात पुसून सही केली.

शाळा बंद पडेल असं आम्हाला वाटलं होतं. पण सुलाबाई सरांना अकरा वर्षं बघत होत्या. त्या सकाळी फाटकात उभ्या राहू लागल्या. दोन दिवस न आलेल्या पोराच्या दारात तिसऱ्या दिवशी त्या चालत जात, आणि हातातला मोठा चमचा ठेवून जायला विसरत. हजेरी वाढली. सातवीची मुलं तिसरीला पाढे शिकवू लागली. किलो आणि ग्रॅम सुलाबाई स्वतः तांदळावर शिकवत. माझी हर्षाली पाचवीत होती. पाव किलोचे अडीचशे ग्रॅम कसे होतात हे तिला दोन वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि ती घरातल्या प्रत्येक वस्तूचं वजन करत सुटली.

डिसेंबरात पगारे सर सहाव्या स्तराला पोचले. त्यात मुलं होती, पण कागदावर. मुख्याध्यापक मागील सहा महिने शाळेत मुलांमध्ये नियमित उपस्थित होते, असा पदभार असलेल्या व्यक्तीचा दाखला जोडायचा होता. सहा महिने सर प्रशिक्षणात होते. सार्थक सर म्हणाले, सगळे जोडतात, ही केवळ औपचारिकता आहे.

दाखल्याचा नमुना माझ्याच दुकानात निघाला. पगारे सर तो घेऊन रविवारी सुलाबाईंच्या घरी गेले, मीही सोबत होतो. सरांनी कागद माझ्याच हातात दिला, म्हणून मी समजावून सांगितलं. सही नसेल तर सर सहशिक्षक होतील, एकवीस वर्षं पाण्यात जातील. सुलाबाईंनी कागद दोनदा वाचला. सरांकडे बघताना त्यांचे डोळे भरून आले.

“सर, तुम्ही नव्हते. व्हते असं मी कसं लिहू? पोरांच्या हजेरीत तुम्ही मला कधी खोटं लिहू दिलं नाय.”

सरांनी खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, “खरं तेच लिहा.”

सुलाबाईंनी कागदाच्या पाठीमागे लिहिलं, ‘सर सहा महिने शाळेत नव्हते. शाळा रोज भरली.’ खाली सही केली. सरांनी तोच कागद केंद्रात दिला आणि आपण आता सहशिक्षक झालो असं धरून ते घरी येऊन झोपले.

केंद्राने पडताळणीसाठी पथक पाठवलं. तिघांनी आमची शाळा पाहिली, मुलांना वाचायला लावलं, पाढे विचारले आणि ते चकित झाले. त्यांचा अहवाल माझ्याकडे आहे. ‘मुख्याध्यापक सहा महिने अनुपस्थित असूनही शाळा उत्कृष्ट चालते. अनुपस्थितीतून नेतृत्व करण्याचे हे राज्यातील दुर्मीळ उदाहरण होय.’ पगारे सर विशेष श्रेणीत उत्तीर्ण झाले. इतक्या प्रगल्भ माणसाला एका शाळेत अडकवणं योग्य नाही, म्हणून निवृत्तीपर्यंत केंद्रात वरिष्ठ प्रशिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. सरांनी शाळेत परत पाठवण्याचा अर्ज केला. उत्तर आलं, की शाळेला आपली गरज नसल्याचे अहवालात सिद्ध झाले आहे.

अहवालाच्या शेवटी एक गंभीर त्रुटीही नोंदवलेली होती. शाळेचा पदभार प्रमाणपत्र नसलेल्या व्यक्तीकडे आहे.

ती ओळ मी समितीच्या सभेत मोठ्याने वाचली. पालक अस्वस्थ झाले. गोजराबाई म्हणाल्या, आपल्या पोरांचं भवितव्य स्वयंपाकीणबाईच्या हातात कसं ठेवायचं? मलाही ते पटलं. जानेवारी संपेपर्यंत आम्ही साठ-सत्तर जणांनी दाखले काढले आणि मुलं नाशकाच्या वाटेवरच्या एका मोठ्या शाळेत घातली. तिथल्या दर्शनी भिंतीवर मुख्याध्यापकांची नऊ प्रमाणपत्रं फ्रेम करून लावलेली आहेत.

गेल्या आठवड्यात सुलाबाई दुकानात आल्या होत्या. उरलेल्या चाळीस मुलांच्या हजेरीपत्रकाच्या प्रती काढायच्या होत्या. त्यांनी विचारलं, “हर्षाली काय म्हणते? तिथं शिकते ना काही?”

मी म्हणालो, शाळा फार चांगली आहे. नऊ प्रमाणपत्रं आहेत.

“ते मी ऐकलं. शिकते का?”

मी मशीनचं झाकण उघडून आत बघू लागलो. शाळा निवडताना आम्ही बसची सोय बघितली, गणवेशाचा रंग बघितला, भिंतीवरच्या फ्रेमा मोजल्या. हा प्रश्न सत्तर पालकांत एकालाही सुचला नव्हता. तुम्ही तुमच्या मुलांच्या शाळेत तो नक्कीच विचारला असेल.