फराळाने पेशीगड पडला, त्याची हकीकत

श्रीअन्नपूर्णेस नमन करोन, तिच्याच अन्नाची आण घेऊन, घडले ते लिहिले असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, श्रावण वद्य एकादशी. देहराज्यी स्वादुपिंड प्रांत, तेथे पेशीगड नांदत होता. गडावर इन्सुलिनचे खलिते लिहून, नेमकी घडी घालून राज्यभर धाडावे आणि ते पाहोन घरोघरचे दरवाजे साखरेस उघडावे, ऐसी चाल. घडीखाना भिवराबाईंकडे आणि कॅल्शियम म्हणजे चुना, त्याचे कोठार येसाजी कोठावळ्यांकडे. मुठीत चुना असेतो येसाजींचा हात खंबीर आणि घडी बिनचूक; मूठ रिती जाहली की बोटे लटपटावी, हा त्यांचा जन्मधर्म.

राज्याची धनीण जिव्हाबाईसाहेब. "आज आमचा उपास," ऐसे बोलून तुपाने थबथबलेली साबुदाण्याची खिचडी दोन ताटल्या, वर रताळ्याचे गोड काप, वर बासुंदी, इतके सेविले आणि देवास सांगितले, तुझ्यासाठी उपाशी आहो! मग साखरेचा व तुपाचा लोंढा गडावर आला, आणि सांडला चुना ओढून कोठारी भरणारी मोट बुळबुळीत होऊन अडकली, आणि कोठार गळो लागले, आणि येसाजींची मूठ रिती झाली, आणि वाकड्या घड्यांचा ढीग छतास लागला.

भिवराबाई कडाडल्या, "अहो कोठावळे, हे खलिते म्हणावे की भज्यांचे पुडे?"

"बाई, मुठीत चुना नाही. नुसत्या मिशीच्या जोरावर घडी बसते काय?"

मग भिवराबाईंनी धोक्याचा नगारा वाजविला, नवे लिखाण थांबविले आणि जिव्हाबाईसाहेबांकडे जासूद धाडिला की, एक दिवस खरा उपास घडावा, मोट साफ होईल, गड वाचेल. दुसरे मागणे नाही. उत्तर आले, "उद्या द्वादशीचे पारणे, पुरणपोळी आहे. खलिते दुप्पट धाडा. कुरकुर करणे अधर्म."

येसाजी संतापले. "अधर्म आमचा? देवाने यांच्यापाशी खिचडी मागितली होती काय?"

पुरण आले. नगारा थांबेना. मग गडाचा कायदा ऐसा की, सडका गड शेजारच्या गडांस बाधू नये, गडकऱ्यांनीच तो आपल्या हाते जाळावा. त्याप्रमाणे भिवराबाईंनी पलिता लाविला आणि येसाजी रिते हात जोडून कोठाराच्या दारी उभे राहिले, हलले नाहीत. गड जळाला, त्याचे काम शेजारच्या गडांवर पडले आणि तेथेही मोटा अडकू लागल्या.

जिव्हाबाईसाहेब म्हणाल्या, "देवाची मर्जी."

सारांश, परचक्र आले नव्हते, वेढा पडला नव्हता. फराळ होता. देवाचे नाव यात कोणी घेऊ नये.