वानरांची जाळी आणि ठिपकीचं पाडस

एका जंगलात, जिथे पायवाट अजून पोचली नव्हती पण भाषणं पोचली होती, ठिपकी नावाची हरिणी राहायची.

बाळांनो, उन्हाळ्यात गवत वाळलं की ठिपकी वानरांच्या झाडाखाली जाऊन उभी राहायची. वानर म्हणजे नुसते उधळे. एक पान खायचे, चार टाकायचे. आवळ्याचा एक चावा घेतला की उरलेला खाली. ठिपकी ते खायची. वाघाचा वास आला की ओरडून वानरांना सावध करायची. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं.

मग जंगलात विकास आला.

वानरांचा नाईक लांबशेपटे म्हणाला, "किती ही नासाडी!" त्याने झाडाखाली एक मोठी जाळी ताणली आणि जिवंत वेलींनी बांधून टाकली. आता पडेल ते जाळीत पडायचं. तिथून शेजारच्या जंगलात जायचं. बदल्यात वानरांना पिसांच्या गाद्या यायच्या.

जंगलाची प्रगती मोजायचं काम घारीकडे होतं. हरणांच्या पोटात गेलेला पाला तिला आभाळातून कधीच दिसला नव्हता. जाळीतला ढीग मात्र लख्ख दिसला.

"जंगल दुप्पट झालं!" ती ओरडली.

खाली ठिपकीचं दूध आटलं. तिचं पाडस उभं राहताना थरथरू लागलं.

"अहो नाईक," ठिपकी मान वर करून म्हणाली, "थोडं खाली येऊ द्या की. लेकरू उपाशी आहे."

"येणार, येणार! जाळी भरू दे. भरून सांडलं की खालीच येणार. दुसरीकडे जाईल कुठं?"

जाळी भरली. मग वानरांनी तिच्याहून मोठी बांधली.

"नाईक, भरली होती हो!"

"तुम्हाला मेली घाईच फार, ठिपकीबाई." जाळीवर टाकलेल्या गादीवर लांबशेपटेने कूस बदलली. "फुकट खायची सवय बरी नव्हे. तुमच्यासाठी झाडावर चढायचा वर्ग काढलाय. शिका जरा."

"खुरांनी?"

"झाली पुन्हा तक्रार!"

ठिपकी वर्गाला गेली. दिवसभर आपटली. शेवटी उत्तीर्ण झाल्याबद्दल तिला एक सुकं पान मिळालं. ते तिने पाडसाला भरवलं.

दुसऱ्या दिवशी पाडस उठलंच नाही. पडल्या पडल्या म्हणालं, "आई, विकास खाली कधी येतो गं?"

ठिपकीने चहूकडे पाहिलं. तिचं तोंड पोचेल अशी हिरवी गोष्ट एकच उरली होती. जाळी बांधलेली वेल. ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि वेल खाऊ लागली.

धाडकन जाळी खाली आली. पाला आला, आवळे आले, गादी आली आणि गादीवरचा लांबशेपटेही आला.

सारा कळप धावला. ठिपकीने सर्वांत कोवळं पान निवडून पाडसाच्या तोंडात घातलं. ऊन उतरेपर्यंत पाडस उभं राहिलं. लटपटत, पण उभं.

वर घारीला ढीग दिसेना. तिने किंकाळी फोडली, "जंगल बुडालं!"

जंगलाच्या राजाने तातडीची सभा घेतली. लांबशेपटेच्या टेंगळाला हार घातला. ठिपकीला विकासाची वैरीण ठरवलं.

तात्पर्य: बाळांनो, पाडसाचं पोट भरलं की प्रगती घसरते. म्हणून जंगलावर ज्यांचं खरं प्रेम आहे, त्यांनी मान वर ठेवावी, भूक आवरावी आणि वेलीला तोंड लावू नये. जाळी कधीतरी सांडेलच. तोवर खाली कुणी मेलं, तरी काळजी नको. ते वरून दिसत नाही.